मोज्यांच्या दोरीवरून पुन्हा इंटरनेटवर

मी एक जुनी वायर आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करते. माझ्यामुळे पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही आणि मला हात लावला म्हणून कुणाला झटकाही बसत नाही. त्यामुळे घरात माझा असा धाक कधीच नव्हता. मी इंटरनेटची वायर. रंग निळा, बांधा सडपातळ, दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकचं एकेक डोकं. दोन डोकी असूनही मी कधी वाद घातला नाही, हे इथे नमूद करते.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याच्या आठ बारीक तारा आहेत, दोन-दोन एकमेकींत पिळलेल्या. असं पिळतात ते शेजारच्या जोडीचं बोलणं आपल्या बोलण्यात मिसळू नये म्हणून. आठ जणी एका घरात, जन्मभर चिकटून, आणि कुणी कुणाच्या बोलण्यात नाक खुपसत नाही. माणसांच्या कारखान्यात ही सोय अजून झालेली दिसत नाही. शिवाय प्रत्येक डोक्याला एक चिमुकला खटका. तो खोबणीत बसला की 'टक' असा आवाज होतो आणि मग मला कितीही हिसडा दिला तरी मी सुटत नाही. काढायचं असेल तर खटका दाबून काढायचं. एवढी एकच अट घालून आम्हाला जगात पाठवतात.

माझी पहिली नोकरी याच घरातली. एका टोकाला चपलांच्या रॅकवर बसलेला राउटर, म्हणजे बाहेरून आलेलं इंटरनेट घरभर वाटणारा डबा. दुसऱ्या टोकाला मालकांचा टेबलावरचा कॉम्प्युटर. पाहुणे आले की मालक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "वायरने घेतलंय. एकदम पक्कं काम." मला धन्य वाटायचं. पुढे वायफाय आलं. ते दिसत नाही, पायात येत नाही, झाडताना उचलावं लागत नाही. अशा माणसाशी स्पर्धा कशी करणार? कॉम्प्युटर भंगारात गेला. मी आधी सोफ्यामागे गेले, मग खणात, बंद पडलेल्या मोबाईलांच्या चार्जरांबरोबर, आणि शेवटी बाल्कनीत. मालकांच्या आईने मला दोन गजांमध्ये ताणून बांधलं आणि माझ्यावर मोजे वाळत घातले. "ताणली तरी तुटत नाही हो ही," त्या म्हणाल्या. कित्येक वर्षांत झालेलं माझं ते पहिलं कौतुक. मी ते ठेवून घेतलं.

आता मालकांच्या बायकोबद्दल सांगते, कारण गोष्ट तिची आहे. मी फक्त मध्ये आहे. ती दुभाषी. दोन माणसांना एकमेकांची भाषा येत नसली की मध्ये बसून इकडचं तिकडे पोचवायचं. आपलं काही घालायचं नाही, त्यांचं काही गाळायचं नाही. म्हणजे माझंच काम; फरक इतकाच की तिला चहा मिळायचा. पण तिचं ऑफिस बंद पडलं आणि निरोपाच्या दिवशी तिचा लॅपटॉप तिलाच देऊन टाकला. तेव्हापासून ती घरी. सवय मात्र जाईना. टीव्हीवर बातम्या लागल्या की ती शेजारी बसून दुसऱ्या भाषेत पुटपुटायची. "एकदाच ऐकू दे गं," सासूबाई म्हणायच्या. "वाईट बातमी दोनदा कशाला?"

आणि एका सकाळी तिला फोन आला. डॉक्टर एका गावी, पेशंट दुसऱ्या गावी आणि दुभाषी आपापल्या घरी, असं काम चालवणारी एक संस्था होती. कुणीतरी आयत्या वेळी आजारी पडलं होतं. आजच दुपारी एक खरा पेशंट घ्या, आम्ही ऐकत बसू, जमलं तर काम तुमचं, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि भांडं उलटं धरून नळाखाली ठेवलं. इतकी ती आनंदली होती.

"फक्त इंटरनेट वायरने हवं म्हणतात," ती म्हणाली.

"कशाला? आपलं वायफाय रॉकेट आहे," मालक म्हणाले.

"त्यांना रॉकेट नकोय. वायफाय मध्येच खोकतं आणि एखादा शब्द गिळतं. औषधाच्या बोलण्यात शब्द गिळून कसं चालेल? वायर नसेल तर त्यांची खोलीच उघडत नाही."

"कसली खोली?"

"कॉम्प्युटरवरची हो. त्यात डॉक्टर, पेशंट आणि मी." मग ती एकदम थबकली. "आपली ती निळी वायर कुठंय?"

"बाल्कनीत," सासूबाई म्हणाल्या. "मोज्यांना विचार, सोडताहेत का."

मित्रांनो, माझ्या आठही तारा शहारल्या. तिने मला गजांवरून सोडलं, ओल्या फडक्याने पुसलं, फुंकर मारून माझी डोकी साफ केली. एक डोकं राउटरमध्ये: टक. दुसरं लॅपटॉपमध्ये: टक. शेजारचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. तिने लॅपटॉपचं वायफाय बंद केलं आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहिलं.

इंटरनेट नाही.

वायफाय चालू केलं, इंटरनेट आलं. बंद करून मला जोडलं, गेलं. असं तिने तीनदा केलं आणि तिसऱ्यांदा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"वायरच गेलीय," मालक म्हणाले. "मोज्यांचं पाणी शिरलं असणार."

माझ्यात पाणी शिरलं नव्हतं. लॅपटॉपचं बोलणं माझ्यातून धडधडीत पलीकडे जात होतं. पण लॅपटॉपचं आणि राउटरचं जुळत नव्हतं. का, ते मी सांगू शकले असते. पण वायरीला कुणी विचारत नाही, नुसतं ओढून बघतात.

मालकांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. मग राउटर बंद करून चालू केला. त्याबरोबर सासूबाईंचा बहिणीशी चाललेला व्हिडिओ कॉल तुटला. "ती जावयाचं सांगत होती," सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "नेमक्या ठिकाणी आली होती." मालकांनी मग धाकट्या भावाला बोलावलं. तो इंजिनिअर आहे. पूल बांधतो. पण घरात इंजिनिअर हा इंजिनिअरच असतो, त्याला मिक्सरही दाखवतात.

भाऊजी आले ते बाह्या सरसावूनच. त्यांनी मला लॅपटॉपमधून काढून टीव्हीच्या डब्याला लावलं. टीव्हीवर इंटरनेट लख्ख आलं. मी निर्दोष ठरले, मित्रांनो. मला वाटलं, आता कुणीतरी दोन शब्द बोलेल.

"वायर चांगली आहे, वहिनी. म्हणजे तुमच्या लॅपटॉपचं भोक गेलं," भाऊजी म्हणाले. त्याबरोबर सगळे लॅपटॉपकडे बघायला लागले. दोष एकाकडून दुसऱ्याकडे सरकला, त्यात माझं कौतुक करायचं राहून गेलं. मग खात्री करून घ्यायला भाऊजींनी मला टीव्हीच्या डब्यातून हिसडून काढलं. खटका न दाबता.

कट्.

तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. माझा खटका टिचून सोफ्याखाली गेला. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं नाही. पण दात पडलेल्या माणसाची जीभ जशी सारखी तिथे जाते, तसं काहीसं होत राहिलं.

"नवीन लॅपटॉपच घेऊन टाका," भाऊजी म्हणाले.

"आज दुपारपर्यंत?" ती म्हणाली.

"नाहीतर सांगून टाक त्यांना, आज जमत नाही," मालक म्हणाले. ते मायेनेच म्हणाले, पण तिचा चेहरा बघवेना.

"आज जमत नाही म्हटलं की ते दुसरीला बोलावतील, आणि तिला जमेल," ती म्हणाली. "तुम्ही दोघं जरा गप्प बसता का? मला हे वाक्य वाचू दे."

"त्यात वाचायचं काय? नेट नाही म्हणतोय."

"तसं म्हणत नाहीये तो." तिने मला लॅपटॉपमध्ये लावलं आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "वायर लावली की म्हणतो 'अनोळखी नेटवर्क'. आता बघा." तिने मला काढलं. "काढली की म्हणतो 'केबल जोडलेली नाही'. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुम्ही दोन्हींचं भाषांतर 'बोंबललं' असं एकच करताय."

भाऊजींनी सरसावलेल्या बाह्या खाली घेतल्या.

"त्याला वायर कळतेय, म्हणजे भोकही ठीक आहे," ती स्वतःशीच म्हणत होती. आता तिचा आवाज चढायला लागला होता आणि शब्द भराभर येत होते. "फक्त ओळख पटत नाहीये. कुणाची ओळख? आपली. मग आपण आपलं नाव काय सांगतोय?"

तिने मला परत लावलं आणि सेटिंग उघडलं. आधी वायफायचं पाहिलं. तिथे लिहिलं होतं: पत्ता आपोआप घ्या. मग वायरचं पाहिलं. तिथे 'आपोआप' नव्हतंच. कुणीतरी हाताने आकडे टाकले होते. ते तिने बोट ठेवून पुन्हा एकदा वाचले.

मित्रांनो, हे समजून घ्या. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, पाहुण्याला खोलीची किल्ली द्यावी तसा. वायफायवरून गेलं की लॅपटॉप ती किल्ली मुकाट घ्यायचा. पण वायरीवरून गेलं की तो म्हणायचा, किल्ली नको, माझा ठरलेला नंबर आहे. राउटरला तसला नंबर माहीतच नव्हता. तो नंबर होता तिच्या बंद पडलेल्या ऑफिसातला. तिच्या टेबलासाठी तिथल्या कॉम्प्युटरवाल्याने हाताने टाकून दिलेला.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"हा अजून माझ्या जुन्या टेबलावरच बसलाय," ती म्हणाली.

"मग उठव त्याला," सासूबाई म्हणाल्या.

तिने आकडे पुसले आणि 'आपोआप'वर टिचकी मारली. लॅपटॉपने राउटरकडे नंबर मागितला. राउटरने दिला. तो माझ्यातूनच गेला, म्हणून सांगते, इतका हलका निरोप मी आजवर नेला नव्हता. पाठोपाठ आलं ते सगळंच: अक्षरं, चित्रं, अडकून पडलेले मेल, घड्याळाची दुरुस्ती, सारं एकदम. "आलं," ती म्हणाली. मालकांनी भावाच्या पाठीत धपाटा घातला, जणू त्यानेच केलं. भाऊजींनी तो घेतला.

तिने कानाला हेडफोन लावले, वही ओढली, खुर्ची पुढे घेतली. त्या धक्क्याने लॅपटॉप हलला आणि मी घसरून बाहेर आले. हिरवा दिवा गेला. खटकाच नव्हता ना. तिने मला पुन्हा आत ढकललं, दिवा आला; तिने हात काढला, मी पुन्हा घसरले.

"चिकटपट्टी आणतो," मालक म्हणाले.

"खोली उघडतेय," ती म्हणाली. तिला दोन्ही हात लिहायला हवे होते.

"मी धरतो, वहिनी," भाऊजी पुढे झाले.

"तू लांब राहा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, टेबलाशेजारी बसल्या आणि माझं डोकं अंगठ्याने आत दाबून धरलं. "तू बोल गं. ही कुठे जात नाही."

"आई, किती वेळ धरशील?" मालक कुजबुजले.

"तुला नऊ महिने धरलं होतं. जा, दार लाव."

खोली उघडली. डॉक्टरांचा आवाज आला, मग लांबून एका म्हातारीचा. डॉक्टर त्यांच्या भाषेत विचारत, ती म्हातारीला आपल्या भाषेत विचारी, उत्तर घेऊन परत जाई. झोप लागते का? लागते. चक्कर येते का? कधी कधी. औषध रोज घेता ना?

त्यावर म्हातारी काहीच बोलली नाही.

"लाईन गेली वाटतं," डॉक्टर म्हणाले. "तोडून परत लावू का?"

वायफायवर असती तर आपली दुभाषी 'हो' म्हणाली असती. तिथे लाईन गेली की माणूस गप्प झालं, हे कोण शपथेवर सांगू शकतं? पण तिने खाली पाहिलं. सासूबाईंचा अंगठा पांढराफटक पडला होता आणि त्याच्या शेजारी हिरवा दिवा शांत लुकलुकत होता.

"लाईन आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "त्या गप्प आहेत."

डॉक्टर थांबले. सगळे थांबले. मी तेवढा वेळ कुणाचाही शब्द नेत नव्हते, नुसती शांतता नेत होते, आणि ती जपून न्यावी लागते.

"मला बाटली उघडत नाही," म्हातारी शेवटी म्हणाली. "झाकण फार घट्ट असतं हो. रोज हातात घेते, फिरवून बघते आणि ठेवून देते. शेजारी तरी किती वेळा जायचं?"

तिने ते जसंच्या तसं पलीकडे नेलं. "मला बाटली उघडत नाही," दुसऱ्या भाषेत, म्हातारीच्याच सुरात. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही असं समजून ते आज डोस वाढवणारच होते. वाढवला नाही. गोळ्या पाकिटातून द्यायला सांगितल्या. म्हातारीने विचारलं, पाकीट कापायला कात्री चालेल का? चालेल, डॉक्टर म्हणाले, आणि तेवढं भाषांतर करताना ती हसली.

संस्थेतर्फे ऐकत बसलेल्या बाईंनी शेवटी एवढंच विचारलं, "उद्यापासून बसाल?"

"बसेन," ती म्हणाली. हेडफोन काढून तिने वही मिटली.

"सोडू का आता?" सासूबाईंनी विचारलं.

"सोडा, आई." तिने त्यांचा अंगठा हातात घेऊन चोळला. त्यावर माझ्या डोक्याचा चौकोनी ठसा उमटला होता.

आता माझं बरं चाललंय. भाऊजींनी मला नवं डोकं बसवून दिलं. पहिल्यांदा तारांचे रंग चुकवले, मग गुपचूप परत कापून नीट लावले. मी रोज डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये असते. घरचे मला ओलांडून जातात, तुडवत नाहीत.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला काढताना खटका दाबा. पडद्यावर काही लिहून आलं तर भांडायला लागण्याआधी ते पुरतं वाचा. आणि समोरचं माणूस बोलता बोलता गप्प झालं, तर लाईन गेली असं समजून लगेच उठू नका. अंगठा भरून आला तरी थोडं धरून ठेवा. पलीकडे कुणीतरी झाकण फिरवून बघत असतं.