सोमसूत्रापाशी थांबलेला स्वार

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला हातात धरलं असेल, पण माझं म्हणणं कुणी ऐकलं नसेल. व्हिडिओ गेम खेळायची जुनी जॉयस्टिक मी. माझ्या डाव्या दांडीचं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे. उजवीकडच्या चार बटणांवरची चिन्हं पुसून गेली आहेत. ही झीज एकट्याच्या हातची नाही. वडवणीच्या एका घरात मला दोघं मिळून धरत असत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझं एकेक बटण दाबून पाहणाऱ्या बाईचा चेहरा आठवत नाही, बोटं आठवतात. मग खोका, बीडचं दुकान आणि तिथून एसटीनं वडवणी. भीमाशंकर यांनी मला त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीसाठी, शिवांजलीसाठी, आणलं. सोबत एका खेळाची सीडी होती. जुन्या काळातला एक स्वार राजाचा खलिता घेऊन निघतो, किल्ले चढतो, नद्या ओलांडतो, आडवे येतील त्यांच्याशी लढतो, असा तो खेळ.

शिवांजलीचे आजोबा अमरनाथआप्पा किराणा दुकान चालवत. एका दुपारी ते सहज तिच्याजवळ बसले आणि संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. त्यांना बटणं जमत नसत, म्हणून वाटणी झाली. डावी दांडी आप्पांची. स्वाराला चालवायचं ते त्यांनी. उजवी बटणं शिवांजलीची. तलवार आणि उडी तिची.

"ह्यास्नी सायकल चालवता येत न्हाई अन् हितं घोडा पळवायलेत," महादेवीआजी दारातून म्हणत.

"सायकल ऐकत न्हाई. घोडा ऐकतो," आप्पा सांगत.

असे किती दिवस आनंदात गेले! मग एकदा स्वार महादेवाच्या देवळापाशी पोचला. पुढचा रस्ता देवळाच्या मागच्या दारातून होता. उत्तरेच्या भिंतीतून एक राखाडी पट्टा निघून कुंडापर्यंत गेला होता. खेळ तेव्हाच जुना होता, चित्रं ओबडधोबड. दगड म्हणजे राखाडी चौकोन, पाणी म्हणजे निळा चौकोन. तरी आप्पांचा अंगठा थांबला.

"सोमसूत्र हाय ते. पिंडीवरचं पाणी जातंय त्यातून. ओलांडायचं न्हाई."

मित्रांनो, महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा घालतात. अभिषेकाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. धर्मापुरीच्या जुन्या देवळात आप्पांनी शिवांजलीला हात धरून तसंच फिरवलं होतं. खेळात मात्र दुसऱ्या बाजूची वाट पडक्या भिंतीनं अडवली होती. आठ दिवस आमचा स्वार पन्हळीपर्यंत जाई आणि मागं फिरे.

"आप्पा, दुसरा रस्ताच न्हाई. गेम हाय ह्यो!"

"गेम असला म्हणून काय झालं? पाऊल तर मीच टाकायलो ना? बनवणारांनी असं कावून केलं? त्यास्नी काय ठावं देवाचं!"

नवव्या दिवशी शिवांजलीनं माझी डावी बाजू त्यांच्या हातातून ओढून घेतली. स्वार धावत पट्ट्यावरून पलीकडं गेला. आप्पा उठून दुकानात गेले. पोरीनं संगणक बंद केला, तो खेळ तिनंही पुन्हा लावला नाही.

मी कपाटाच्या खणात पडले. शेजारी पंख्याचा मोडका रेग्युलेटर आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. अकरा वर्षं गेली. घरात आजोबा-नात बोलत, जेवला का, अभ्यास झाला का, एवढंच. शेजारी बसणं मात्र संपलं होतं.

या उन्हाळ्यात शिवांजलीनं खण उघडला. तिला हैदराबादला नोकरी लागली होती, सोमवारी निघायचं होतं. तिनं मला कोरड्या फडक्यानं पुसलं आणि लॅपटॉपला जोडलं.

"आप्पा, आपला तोच गेम नव्यानं काढलाय. गोष्ट तीच, रस्ते तेच, चित्रं तेवढी पुन्हा काढलीत. एकदा बसा की माझ्याजवळ."

"तू खेळ. मला दिसत न्हाई."

"डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पेपरातलं बारीक अक्षर दिसतंय," आजी म्हणाल्या, "अन् नात दिसत न्हाई व्हय?"

आप्पा आले. माझी डावी बाजू त्यांनी धरली.

पडद्यावर देऊळ उभं राहिलं आणि मित्रांनो, आजीसुद्धा दारातून आत आल्या. प्रत्येक दगडावर छिन्नीची खूण. सांध्यातून उगवलेलं शेवाळ. भिंतीतून बाहेर आलेलं मगरीचं तोंड, त्यातून थेंब थेंब पडणारं पाणी.

"आगं, दात बी कोरलेत मगरीचे!" आप्पा पुटपुटले.

त्यांनी स्वाराला पन्हळीच्या कडेकडेनं चालवलं. चार पावलांवर ते थांबले. तिथं पन्हळीवर तीन रुंद दगडी फरशा आडव्या टाकल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांनी मधोमध खोलगट झालेल्या.

"झाकलेलं हाय! दगडानं झाकलं की ओलांडता येतं. आमचे आज्जा सांगायचे."

"आता नवीन टाकल्या असतील," शिवांजली म्हणाली. या नव्या खेळात एक बटण दाबलं की जुनं चित्र परत दिसतं. तिनं ते दाबलं. राखाडी पट्टा आला आणि त्यावर, त्याच जागी, तीन जरा फिकट चौकोन.

"होत्या की, आप्पा. पहिल्यापासून होत्या."

आप्पांनी पडद्याला हात जोडले. "मी म्हणलो त्यास्नी काय ठावं. कुठली माणसं असतील ही? लई बारीक बघितलंय त्यांनी. दिसणार न्हाई तरी केलं."

"आप्पा, मी त्या दिवशी..."

"तुझी बटणं धर. मी चालवतो."

शिवांजलीनं उडीच्या बटणावरचं बोट उचललं. स्वार एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसऱ्या फरशीवरून पलीकडं गेला. मागचं दार उघडलं. उन्हात चमकणारी नदी, तिच्यापलीकडं किल्ला, किल्ल्यावर ढगांची सावली सरकत होती.

"पळवायचा घोडा?" तिनं विचारलं.

"थांब, बघू दे," आप्पा म्हणाले. दोघं खांद्याला खांदा लावून बघत राहिले. सोमवार यायला अजून दोन दिवस होते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, धूळ बसू देऊ नका, वायरला पीळ पडू देऊ नका. आणि घरातलं कुणी एखाद्या जागी अडून राहिलं, तर ढकलण्याआधी त्याच्या शेजारी बसा. ते कुठं बघतंय, तिथं तुम्हीही एकदा नीट बघा.