काटा चारही पायांत सारखा रुतत नाही

पुढचा डावा

आरमोरीच्या आपल्या टायरच्या दुकानात चंदनभाऊने गाडी जॅकवर चढवली, पुढचं डावं चाक हाताने फिरवलं आणि तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात सरकवला.

"उर्वशीताई, किती चालली म्हणता?"

"एकवीस हजार."

"मंग हे टायर तुमचं नाई. साठ हजार चाललेल्या कोण्या जीपचं असन."

उर्वशी वाकली. टायरच्या मधली नक्षी शाबूत होती, खाचेत अख्खं नख जात होतं. कडा मात्र दोन्ही बाजूंनी गोटा. मधून तरुण, कडेने म्हातारा. हा आकार तिच्या चांगलाच ओळखीचा होता. म्हाताऱ्यांना जवळचं दिसावं म्हणून ती जी काच बसवते ती अशीच असते, मध्ये फुगीर आणि कडेला पातळ.

उर्वशी चष्मे करते. आरमोरीत दुकान आहे, पण निम्मा महिना ती विजेवरच्या गाडीत नंबर तपासायचा डबा टाकून आठवडी बाजार करत फिरते, पार भामरागडपर्यंत. एका खेपेला डोळे तपासायचे, पुढच्या खेपेला चष्मे पोचवायचे. पावसाळा लागला की तिकडचे नाले रस्ता गिळतात आणि मग दिवाळीपर्यंत तिकडे जाणं नाही. आता मे सरत आला होता. उद्या डोळे तपासायची खेप, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चष्मे द्यायची शेवटची. ती हुकली तर सुया, गळ, गोळ्यांची पाकिटं हातात धरून माणसं चार महिने डोळे बारीक करत बसणार.

आणि ती हुकायची भीती होती. भरवशाचा शेवटचा चार्जर मागे पडला की पुढे जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. मागच्या खेपेला ती त्या चार्जरपाशी परतली तेव्हा बॅटरीत चार टक्के उरले होते. शेवटचे दहा किलोमीटर तिने एसी, गाणी आणि बोलणं बंद ठेवून काढले होते. गाडीत ती एकटीच होती, तरी.

चंदनभाऊने दोन टायर दाखवले. एक समोर टेकवलेला होता: जाडजूड, ठोकळ्याठोकळ्यांचा, जंगलासाठीच जन्मलेला. दुसरा मोबाइलवरच्या फोटोत, नागपूरहून चार दिवसांत येणारा. दिसायला अगदीच साधा.

"हा विजेच्या गाडीसाठी असते. वजन जास्त उचलते, लोळते हलका, चार्ज कमी खाते. पण ताई, तुमचा रस्ता पाहता मी म्हणन हा जाडाच घ्या. खनिजाच्या ट्रकांनी गड्डे करून ठेवले, त्यांनीच कडा खाल्ल्या."

"जाड्याने चार्ज किती जाईल?"

"जाईन थोडा."

थोडा म्हणजे चार टक्क्यांपेक्षा कमी की जास्त, हे चंदनभाऊ सांगू शकला नाही.

"शनिवारपर्यंत सांगते," ती म्हणाली. तो हवा भरू लागला. "पाहा, आजही चारही चाकं बावीसवर. दर खेपेले छत्तीस भरून देतो, दर खेपेले बावीस घेऊन येता. पिऊन राह्यले का तुमचे टायर?"

पुढचा उजवा

तोही तसाच.

मग उर्वशीने विचारत सुटायचं ठरवलं. चंदनभाऊचं मत गड्डे. गडचिरोलीच्या अलाइनमेंटवाल्याने गाडी यंत्रावर घेतली आणि म्हणाला, चाकं सरळ आहेत, बॅटरीच जड आहे, हत्तीला बैलाचे खूर लावले तर काय होणार. कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, मॅडम, आपण पायडल एकदम दाबता का? (दाबते. सिग्नल नसलेल्या गावातही दाबते. त्या गाडीला आवाज नाही, उडी आहे, आणि चाळिशीतल्या बाईला उडी मारायला दुसरी जागा कुठे आहे?) पण चंदनभाऊ म्हणाला, पिकअपने पुढची चाकं जास्त जातात हे खरं, कडा मात्र मागच्यांच्याही गेल्या आहेत. मागची चाकं तर गाडी ओढतच नाहीत.

हवा कमी असली की कडा जातात, हेही त्यानेच सांगितलं. पण हवा तोच भरतो.

हवा कमी झाली की लागतो तो दिवा तिच्या गाडीत नव्हता. तो म्हणे वरच्या मॉडेलात असतो.

वडिलांना विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. मुखरूने चाळीस वर्षं लोकांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, ट्रॅक्टरने चिखलणी केली होती. आता गुडघ्यामुळे अंगणातल्या खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना नावं ठेवायचा. विजेच्या गाडीला तो "तुही शिलाई मशीन" म्हणायचा.

मागचा डावा

हेमलकशाच्या पुढे एका नाल्याच्या रेतीतून रस्ता जातो. उर्वशीने गाडी पलीकडे काढून थांबवली तर पत्रू झाडाखाली वाट पाहत बसलेला. पत्रू वनखात्यात वनमजूर होता. वाघांची मोजणी ठशांवरून व्हायची त्या काळापासून. लांबचं त्याला घारीसारखं दिसतं. हातातली बांबूची कांब मात्र दिसत नाही, आणि मासे धरायचा सापळा विणायचा तर कांब दिसायला हवी.

"जोहार, बाई."

"जोहार, पत्रूभाऊ. बसा, नंबर पाहू."

पत्रू बसला नाही. तो रेतीतल्या गाडीच्या ठशांकडे पाहत होता. चार पावलं मागे गेला, मान तिरपी केली.

"तुही गाडी बिमार हाय का?"

उर्वशी हसली. "तुम्ही डॉक्टर कधी झाले?"

"इथी पाय. दोन्ही कडेले रेती दाबली, मधात नाई दाबली. वाघ चालला की मधली गादी पहिले उमटते." तो गाडीच्या मागे गेला. लावताना गाडी थोडी तिरकी मागे घेतली होती, तिथे मागच्या डाव्या चाकाचा सुटा ठसा उमटला होता. "हा बी तसाच. लंगडं जनावर एका पायावर कमी टेकते, ते मी पाहलं. हे चारही पायांनी थकलं. एकसारखं."

"हवा जाते. काटे लागत असतील."

"काटा चारही पायांत सारखा रुतत नाई, बाई."

उर्वशीच्या हातातला काचांचा डबा तसाच राहिला.

खरंच की. एक पंक्चर असतं. दोन असू शकतात. पण छत्तीसची बावीस, चारही चाकांत, दर खेपेला?

"मग कोणी तरी मुद्दाम काढते?"

"हाव."

"कोण काढणार? माझं कोणाशी वैर नाही."

पत्रूने तिच्याकडे, लहान मुलीकडे पाहावं तसं पाहिलं. "वैरी असता तर एक फोडून पळाला असता. चारही सारखे करत बसणारा माणूस घरचा असते."

त्याचा नंबर निघाला अडीच. त्या खेपेत सत्तेचाळीस चष्म्यांची यादी झाली. परत चार्जरपाशी पोचली तेव्हा बॅटरीत तीन टक्के.

मागचा उजवा

शुक्रवारी संध्याकाळी उर्वशीने चंदनभाऊकडून छत्तीस भरून आणली आणि अंगणात शिरता शिरता मोठ्याने म्हणाली, "उद्या सकाळीच निघते भामरागडले." जायचं नव्हतंच.

"हो का," मुखरू खाटेवरून म्हणाला, आणि एका मालवाहू रिक्षाला नावं ठेवली.

सकाळी उजाडलं तशी ती खिडकीआड चहा घेऊन उभी राहिली. मुखरू उठला. माचिस काढली, वाटलं, विडी पेटवतोय. गुडघ्यावर हात देत तो पुढच्या चाकाशी बसला, टोपण काढलं, काडी नळीत टेकवली.

फुस्स.

"एक, दोन, तीन, चार…" तो बैल मोजावेत तसा शांतपणे मोजत होता. टोपण लावलं. पुढचं दुसरं चाक. पुन्हा तितकेच आकडे. मागचं. मागच्या उजव्याला टोपण लावून त्याने टायरवर दोन थापा मारल्या, जू ठेवण्याआधी बैलाच्या मानेवर मारतात तशा.

"बाबा, काय करून राह्यले?"

"हवा काढून राह्यलो," मुखरू म्हणाला, जणू ती गेली तीन वर्षं आंधळी होती.

"काऊन?"

"जंगलात चालली ना? रेती लागन, चिखल लागन. कडक चाक घसरते, नरम चाक धरते. बांधीत उतरायच्या आधी हवा काढा लागते. तू लहान होती तवापासून करतो."

"आणि मग?"

"मंग काय?"

"रस्त्यावर आल्यावर?"

"रस्त्यावर आलं की भरा लागते ना. नाई तर टायर खाते." मुखरू थांबला. काडी त्याच्या बोटांत तशीच होती. "तू भरत नव्हती?"

"मला कोण सांगणार? मला माहीतच नव्हतं काढली ते!"

"तुले दिसलं नाई? चष्मेवाली ना तू?"

मग मुखरूने हळूच वळून मागच्या उजव्या टायरची कडा अंगठ्याने चाचपली. अंगठा तिथेच बराच वेळ ठेवला.

"तू सांगत होती ते चार टक्के," तो म्हणाला, "माह्यानं गेले का?"

"चार उरले होते, बाबा. या खेपेला तीन."

"रस्त्यात बंद पडली असती तर?"

तिने खाली बसून त्याच्या बोटांतली काडी घेतली आणि विचारलं, "किती मोजता? विसापर्यंत?"

"पंचवीस."

त्याच शनिवारी तिने चंदनभाऊला सांगितलं: साधा दिसणारा, चारही. नव्या जाड्याच्याही कडा अशाच गेल्या असत्या, आणि वर चार्जही जास्त गेला असता. चंदनभाऊने सगळं ऐकलं, खर्रा थुंकला. "एका काडीनं माह्या सगळ्या गड्ड्यांचा बाजार उठवला, ताई."

पाचवा

नाही. या गाडीत स्टेपनीच येत नाही. तिच्या जागी पंक्चर बुजवायच्या चिकट दुधाची एक बाटली आणि वीतभर पंप.

मुखरूला हे नवे टायर बसवताना कळलं. "चार पायांचं जनावर जंगलात नेते आणि पाचवा पाय घरी बी नाई? मी येतो."

"गुडघा?"

"गुडघा बसूनच राहीन ना."

उर्वशीने त्याला हवा मोजायचं मीटर दिलं. आकडे दिसेनात, म्हणून दोन नंबरचा चष्माही दिला. मुखरूने चष्मा लावून पहिल्यांदा स्वतःचे हात पाहिले आणि म्हणाला, "हे कोणाचे?"

त्या नाल्यात रेतीवरून बोटभर पाणी वाहू लागलं होतं. उर्वशी गाडी सरळ आत घालायला निघाली, मुखरूने थांबवलं. छत्तीसची चोवीस केली, चारही, काडीने, पण मीटर पाहून. गाडी रेतीत दबली, डगमगली आणि पलीकडे निघाली. पलीकडे त्याने पंप लावला आणि सुई छत्तीसवर येईस्तोवर जागचा हलला नाही. एकेका चाकाला आठ मिनिटं. एरवी उर्वशी चिडली असती.

भामरागडच्या बाजारात शेहेचाळीस चष्मे गेले. गाडीत बासष्ट टक्के होते. मागच्या खेपेला याच जागी अठ्ठेचाळीस. तिने दोनदा पाहिलं, मग काच पुसून तिसऱ्यांदा.

सत्तेचाळीसावा पत्रूचा. परतताना तो नाल्याकाठी होताच. मुखरू आणि तो एकमेकांना न्याहाळत राहिले.

"चारही सारखे करणारा हाच का?" पत्रूने विचारलं.

"हाच," उर्वशी म्हणाली.

"हात चांगला हाय. एकाही पायाले कमी-जास्त नव्हतं."

मुखरू खूश झाला आणि तोंड फिरवून नाल्याला नावं ठेवली.

पत्रूने चष्मा घातला. बांबूची कांब पाहिली, नखं पाहिली, मग गाडीशी उकिडवा बसला आणि नव्या टायरच्या अगदी जवळ नाक नेलं.

"बाई, याले केस हायेत."

मुखरूही गुडघा धरत खाली बसला. खरंच, रबरावर जागोजागी बारीक, काळे, ताठ केस. दोन्ही म्हाताऱ्यांनी चष्म्यांतून ते बोटांनी चाळवून पाहिले.

"बछड्याले असतात तसे," पत्रू म्हणाला. "कशाले असतीन?"

उर्वशीला माहीत नव्हतं. "चंदनभाऊला विचारते."

"त्याले इचारू नको," मुखरू म्हणाला. "तो गड्डे सांगन."

पत्रूने एक केस उपटला, तळहातावर ठेवला, उन्हाकडे धरला. "झडतीन का हे?"

"झडतात म्हणे."

"मंग पाणी उतरल्यावर ये. कोणत्या पायाचे पहिले झडले ते पाहून सांगतो, बाप कसा वागून राह्यला."