माझं तोंड दिसलंच पाहिजे

मी संडासाची टाकी बोलतेय. नाक मुरडू नका, तुमच्याच घरची आहे.

मला मागच्या बागेत बांधलं तेव्हा माझं झाकण उघड दिसायचं. आधीची माणसं बरी होती, अधूनमधून उपसा करायची. मग हा मालक आला. पाहुण्यांना दिसतं म्हणे! त्यानं माझ्या तोंडावर माती लोटली, हिरवळ लावली, वर बाक मांडला. रोज संध्याकाळी माझ्या डोक्यावर बसून चहा प्यायचा आणि बागेचं कौतुक ऐकून घ्यायचा.

मी मनात म्हटलं, बस लेका. माझ्या वाफेनं झाकणाच्या सळया आतून गंजत होत्या. एक दिवस बाकासकट खाली येशील, तेव्हा बघू. त्या दिवसाची मी अगदी चवीनं वाट बघत होते.

पण त्याचे गुडघे धरले आणि तो घराच्या पायरीवरच बसायला लागला. बाकावर येऊ लागली त्याची बायको. संडासात ॲसिड ओतू नका, टाकी बिघडते, असं घरात सांगणारी ती एकटीच. माझा जीव खालीवर झाला. गंजलेली सळई मला थोडीच सांधता येणार?

मग माझ्याकडे जे होतं तेच वापरलं. वास सोडला. तिनं नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, तुझ्या नाकाचे नखरे. माझं डोकंच फिरलं. तो आंघोळीला उभा असताना घाण पाणी उलटं चढवलं, पार घोट्यापर्यंत. काय नाचला!

मला उघडायला गवंडी आला. त्यानं बाक हलवला, माती काढली, पहार टेकवली, आणि झाकण धाडकन आत कोसळलं. सकाळीच बायको तिथे लसूण सोलत बसली होती. मालकानं तिचा दंड धरून तिला खड्ड्यापासून मागे ओढलं. त्याची घाबरगुंडी बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग माझी बडदास्त सुरू झाली. नवा स्लॅब, जमिनीच्या वर येणारा विटांचा कठडा, कड्यांचं जड झाकण. त्याखाली लोखंडी जाळी, म्हणजे झाकण उघडं राहिलं तरी कुणी आत पडायचं नाही.

सिमेंट वाळलं तसा मालक मोठी कुंडी घेऊन आला, माझ्या झाकणावर ठेवायला.

"अहो, उचला ती," बायको म्हणाली. "मी आत गेले असते तर माझ्यावरही हिरवळच लावली असतीत ना?"

कुंडी आली तशी परत गेली.

तुमच्या बागेतही माझी एखादी बहीण पुरलेली असेल. तिचं तोंड शोधा, ती माझ्याइतकी सोशिक नसेल.

आता येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, बागेत मधोमध हे काय? मालक मान खाली घालून काहीतरी पुटपुटतो. मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, "नीट सांगा त्यांना."

आणि तो पहिल्यापासून सांगतो.