उंबऱ्यातला माइक

लग्नात निवेदन करते मी. कामशेतपासून तळेगावपर्यंत कुठल्याही कार्यालयात विचारा, कान्ह्याच्या तेजलचं नाव सांगतील. तीन हजार माणसांत सरपंचापासून नवरीच्या चुलत मामापर्यंत सगळ्यांची नावं मानपानासकट घेते, एकही गाळत नाही, मधेच कोपरखळी मारते, मांडव हसतो. आणि त्याआधी कार्यालयाच्या मागच्या संडासात ओकून आलेली असते. नऊ वर्षं हे असंच चाललंय.

आईला माहीत होतं. कुणी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणून सांग, म्हणायची. पोट ठणठणीत आहे माझं. मला माणसांची भीती वाटते. हातात कागद असला, नावं दुसऱ्यांची असली की निभावतं. पण कुणी नुसतं माझ्याकडे बघून ‘बोल की काहीतरी’ म्हणालं की मी तिथून पळच काढते. किराणा दुकानात काय बोलायचं तेसुद्धा मी रस्त्यानं दोनदा मनात म्हणून बघते. आदिनाथला, म्हणजे ज्याच्याशी लग्न ठरलं त्याला, साखरपुड्याआधी हे सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. तू आणि घाबरट, म्हणाला. त्याच्याबरोबर मीही हसले. तेवढं एक चुकलं माझं.

लग्न झालं आणि संध्याकाळी आम्ही टाकव्याला, त्याच्या घराच्या दारात आलो. उंबऱ्यावर तांदळाचं माप, आणि मापाशेजारी स्टँडवर माइक. अंगणात दोन स्पीकर. ही माझ्या नणंदेची, हर्षदाची हौस. एरवी नवरीनं दारात उखाणा घेऊन नवऱ्याचं नाव घेतलं की तिला आत सोडतात. पण सून निवेदिका म्हटल्यावर हिनं गावाच्या ग्रुपवर टाकून ठेवलेलं, वहिनी पाच मिनिटांचा उखाणा घेणार म्हणून. बिचारीनं माझा मान म्हणून केलं. सगळी आळी फोन वर धरून उभी, आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

उखाणे मला शंभर येतात हो. किती नवऱ्या मी लिहून दिलेल्या उखाण्यांवर घरात गेल्या. एखादा फेकला असता तर त्या दिवसापुरती सुटले असते. पण मग दर सणाला, दर बारशाला हेच. बाहेर सोंग केलं ते कामासाठी. आता घरातही करायचं, तर मी माझी म्हणून राहायचं कुठं? राग आला मला, आधी स्वतःचाच.

मी माइक बंद केला.

“मला माणसांची भीती वाटते,” मी म्हणाले. “लय वाटते. आत्ता पण वाटतीय. आदिनाथ. घेतलं नाव. याच्यापुढं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

सगळं अंगण हसलं. कुणीतरी शिट्टी मारली. वहिनी ॲक्टिंग पण भारी करतात, असं हर्षदा शेजारणीला सांगायला लागली. आदिनाथही हसत होता.

मग मी हर्षदाचा हात ओढून माझ्या हातात घट्ट धरला. माझा हात गार पडलेला, मेंदीवर घाम. तिचं हसू गेलं. दुसऱ्या हातानं मी आदिनाथचा हात धरला. त्यानं एकदा हाताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याची मान खाली गेली.

सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. त्यांच्या ध्यानात आलं.

“आगं, मग रोज येवढ्या लोकांत बोलतीस कशी?”

“घाबरतच बोलते.”

त्यांनी अंगणावर नजर टाकली. फोन अजून वरच होते. आवाज बारीक करून त्या म्हणाल्या, दोन ओळींचा तरी घे, सगळा गाव बघतोय, लोक काय म्हणतील.

“लोकांना सांगा, सून घाबरट हाय,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, पार मागच्यांना ऐकू जाईल असं. “घाबरत आलीय आणि घाबरतच राहणार. पण उखाणा घेणार न्हाई.”

आणि उजव्या पायानं माप ढकलून आत गेले. तांदूळ पार सोफ्याखाली गेले. आत ये, असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.