हिरवा दोरा

"माझ्याशिवाय पान उलटायचं नाही हं," इस्त्रीवालीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात काजाबाई काज-बटणं करायची, आणि जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाली तिला वाचून दाखवायची. पुस्तकं इस्त्रीवालीच्या भाचीची. तीन शाळकरी मैत्रिणींची गोष्ट, पाच भाग. पोरीबाळींची पुस्तकं म्हणून काजाबाईनं आधी नाक मुरडलं. दुसऱ्या भागात तिघींचं भांडण झालं, तेव्हा मात्र तिच्या घशाखाली घास उतरेना. पन्नाशीची बाई, पण पोरींवर जीव जडला तो जडलाच. वाचन थांबेल त्या पानात लाल दोरा ठेवायचा आणि तो दोघींनी मिळूनच काढायचा, हा नेम तिनं देवापुढच्या दिव्याइतका पाळला.

आठ दिवस इस्त्रीवाली आली नाही. तिच्या खणातला पाचवा भाग सांभाळून ठेवावा म्हणून काजाबाईनं उचलला. लाल दोरा मध्यावर लोंबत होता. आणि अगदी शेवटी एक हिरवा.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दुपारी तीन काजं वाकडी कापली गेली.

संध्याकाळी भाची मावशीचा कारखान्यात राहिलेला डबा न्यायला आली. काजाबाई आवाज न चढवता म्हणाली, "तुझ्या मावशीला सांग, चोरून वाचणारीनं दुसऱ्याला नेम लावू नयेत."

पोरगी म्हणाली, "मावशीला आता दिसत नाही. नजर जाणार, असं डॉक्टर महिन्यापूर्वीच बोलले होते. म्हणून तिनं शेवटपर्यंत घाईघाईनं वाचून घेतलं. तुम्हाला तोंडी सांगता यावं म्हणून."

काजाबाईचा राग ओसरायचा तर आणखी भडकला. महिनाभर मांडीला मांडी लावून जेवली, आणि एका शब्दानं बोलली नाही! पुस्तकातल्या त्या पोरी एकमेकींपासून काही लपवत नाहीत म्हणून पदरानं डोळे पुसायची, ती हीच. आणि तोंडी सांगणार म्हणे. काजाबाईला काय अक्षरं येत नाहीत? येतात. जोडून जोडून, अडखळत, पण येतात.

तिनं मशीनवर कापड टाकलं. पुस्तक दोन्ही दोऱ्यांसकट रुमालात बांधलं.

"चल, घर दाखव," ती भाचीला म्हणाली.

आधी कडकडून भांडायचं, हे तिनं जिना उतरतानाच ठरवलं होतं. मग लाल दोरा दोघींनी मिळून काढायचा. रुमालाची गाठ तिनं वाटेत एकदाही सैल केली नाही.