कंसातली ओळ

कॉलेजातली मुलं तिला पाठीमागे कंसमामी म्हणायची, आणि तिला ते ठाऊक होतं. जे आपल्याला नक्की माहीत नाही, जे अंदाजाने भरलंय, ते चौकटी कंसात ठेवायचं, हे ती प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी बजावायची. "कंस म्हणजे आपला खरेपणा," ती म्हणायची. "इथे माझ्या हाती काही लागलं नाही, एवढं मोकळेपणाने सांगणं."

त्या सकाळी संगणकांच्या खोलीत ती इंटरनेटवर शोधायचं कसं, ते शिकवत होती. मागच्या रांगेतल्या यंत्रांनी नेहमीसारखं अंग टाकलं होतं, त्यामुळे मुलं एकेका पडद्यापुढे खेटून बसली होती.

"नुसते शब्द टाकलेत तर समुद्र मिळेल, आणि तहान तशीच राहील. अख्खी ओळ अवतरणचिन्हांत टाका. नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह द्या. मग तारखेची गाळणी लावा आणि जुन्यात जुनं पान उघडा. का?"

"नवी पानं जुन्याची नक्कल असतात म्हणून," पुढच्या रांगेतली वेणीवाली म्हणाली.

"शाबास. आणि दहा जणांनी एकाच्याच तोंडून ऐकलं असेल, तर साक्षीदार किती?"

"एक!"

"आणि मॅडम, तो एक थापाड्या निघाला तर?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्गात खसखस पिकली.

"मग जय हरी," ती हसली आणि फळ्याकडे वळली. खडू हातात घेतल्यावर मात्र तिचं हसू मावळलं. तिने लिहिलं:

दारी आला आला वारा, त्याला सांगते मी हळू,
पाय पुसून ये आत, नको दिव्याला रे छळू.
रात्र मोठी, वाट मोठी, तुझे इवलेसे पाय,

पुढची ओळ तिने कोरी ठेवली.

हे तिच्या आईचं अंगाईगीत. आईला ते तिच्या आईकडून आलेलं. तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या गाण्यावर उभं होतं, आणि शेवटची ओळच हरवली होती. तिला इतकंच आठवायचं की त्या ओळीत एक प्रश्न होता, शेवटी 'काय' यायचं, आणि 'काय' म्हणता म्हणता आईचं बोट पोटात रुतायचं. झोपायचं सोडून दोघी बहिणी खिदळत सुटायच्या. थोरल्या बहिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला फक्त गुदगुल्या आठवतात गं."

"शोधा," ती वर्गाला म्हणाली. एवढ्या डोळ्यांतून एखाद्याला तरी दिसेल, अशी वेडी आशा तिला होती.

ती पाणी प्यायला जाणार तेवढ्यात वेणीवाली ओरडली, "मॅडम, सापडली!"

ती झटकन वळली.

"'उद्या चालशील तेव्हा, मागे उभी तुझी माय.' कितीतरी ठिकाणी आहे! शुभेच्छांच्या चित्रावर आहे, व्हिडिओत आहे, लहान मुलांच्या पुस्तकातसुद्धा आहे. खाली 'पारंपरिक' लिहिलंय."

ती वेणीवालीच्या पडद्यापाशी आली. "तारखेची गाळणी लाव," ती कशीबशी म्हणाली.

एकेक पान गळत गेलं. व्हिडिओ गेला, पुस्तक गेलं, शुभेच्छा गेल्या. शेवटी खाली एकच पान उरलं. कॉलेजच्या संकेतस्थळावरचं, तिनेच फार पूर्वी वर्गासाठी तयार केलेलं. त्यात शेवटची ओळ चौकटी कंसात होती.

"अय्या, हे तर तुमचंच!" सगळा वर्ग हसला. वेणीवाली मात्र पडद्याकडे बघत राहिली. "पण मॅडम, तुम्ही तर कंस केला होता."

"केला होता."

"मग त्यांना दिसला नाही?"

"सर्च इंजिनला कंस दिसत नाही गं. आणि नक्कल करणाऱ्याला तो नको असतो. ओळ बोडकी केली की जुनी वाटते."

ते पान तयार केलं तेव्हा आई थोरलीकडे राहायला गेली होती. चालती-बोलती, टाचेपासून टाळूपर्यंत शाबूत. एक फोन केला असता तर ओळ मिळाली असती. पण दुसऱ्या दिवशी वर्ग होता. पान पुरं दिसावं म्हणून तिने आपल्या मनची ओळ रचली, कंस घातला, नंतर विचारू म्हणाली. नंतर जे जे आलं त्यात विचारणं तेवढं राहून गेलं. आई परत हिच्याकडे आली, तिचे शब्द गळू लागले, तेव्हा ही पडद्यापुढे बसून ग्रंथालयांच्या याद्या धुंडाळत होती. मूळ स्रोताकडे जा, असं जगाला सांगणारी ती. आणि मूळ स्रोत पलीकडच्या खोलीत रोज थोडा थोडा विझत होता.

मार्गदर्शक सर स्पष्ट बोलले होते, "तुमची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, बाई. ज्याने तुमचं पान पाहिलं नाही असा एक तरी गळा आणा."

असा गळा जगात एकच उरला होता.

दुपारी ती घरी आली. आई खिडकीशी पलंगावर बसली होती. सांभाळायला येणाऱ्या मावशी तिचे केस विंचरत होत्या. कित्येक महिन्यांत आईच्या तोंडून धड वाक्य आलं नव्हतं. पण शब्द जातात आणि गाणी राहतात, असं तिने वाचलं होतं. तिने फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि आईचा हात हातात घेतला.

"आई, ऐक हं. दारी आला आला वारा..."

आईचे डोळे हलले. वाऱ्याने पाय पुसले, दिवा शांत झाला. 'तुझे इवलेसे पाय' म्हणून ती थांबली.

आईचे ओठ उघडले. आवाज चिरका, पण सूर नेमका. "उद्या चालशील तेव्हा... मागे उभी... तुझी माय."

"बघा! बघा की ताई!" मावशींनी कंगवा टाकून टाळ्या वाजवल्या. "मी म्हणत नव्हते, आजींना आठवेल म्हणून? रोज लावते मी त्यांना. माझ्या मोबाइलवर आहे ना, एक बाई छान म्हणते."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. तेवढ्यावरच तर शांत होतात त्या. का हो, काय झालं?"

"काही नाही मावशी. बरं केलंत."

मावशींना काय सांगणार? हा पुरावा सरांनी आनंदाने घेतला असता. अभ्यासकाच्या आईचा गळा, अस्सल उच्चार. तिने रेकॉर्डिंग बंद केलं आणि पुसून टाकलं.

मग तिचं लक्ष गेलं. आईचा उजवा हात वर उठला होता. एक बोट पुढे काढून तो हवेतच थबकला होता. ओळ संपली होती आणि बोटाला इथे काहीतरी करायचं होतं. काय, ते त्याला कळत नव्हतं. 'मागे उभी तुझी माय' या शब्दांत कुणाच्या पोटाला गुदगुल्या करायची जागाच नव्हती.

ती पुढे सरकली. आपलं पोट तिने त्या बोटासमोर आणलं, लहान मुलीसारखं. "काय गं आई?" ती म्हणाली. "काय?"

आईने तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. बोट हळूहळू खाली आलं आणि चादरीवर आडवं झालं.