दमायला बंदी

आमच्या घरात 'दमलो' म्हणायला बंदी आहे. थकावं, भागावं, गळून जावं, पण दमू नये. दमलो म्हटलं की दमा आठवतो, आणि दमा आमच्या घराण्यात कुणाला झालेलाच नाही. झालीच तर कफ प्रकृती. हे सासूबाईंचं वैद्यकशास्त्र.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे लिफ्ट बंद पडली की सगळे जिने चढून वर मशीनच्या खोलीत जायचं, हा त्याचा धंदा. परवा वर पोचला आणि पाना हातात घेऊन नुसताच धापा टाकत बसून राहिला. जन्मात सिगरेट न ओढलेला माणूस! मालक म्हणाला, आधी छाती तपासून ये.

सासूबाई सोबत आल्या. चाळिशीतल्या लेकराला डॉक्टरकडे एकटं कसं सोडायचं? खोकणारी आमची चिमुरडीही होती. मला खरी धास्ती तिचीच होती, पण 'बापावर गेलीय' या कौतुकापुढे माझं घरात काही चालत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. तोंड लालबुंद झालं, आकडा काही वर सरकेना.

"लहानपणी छातीचं काही दुखणं?"

नवऱ्याने आईकडे पाहिलं.

"छे हो! जरा कफ प्रकृती," सासूबाई म्हणाल्या. "मोठा झाला तसं गेलं."

"गेलं नाही आजी, दबून राहिलं. वाढत्या वयात छाती सारखी आजारी राहिली, तर फुप्फुसं कधीकधी पुरती वाढतच नाहीत. पुढे वयाबरोबर सगळ्यांचीच झिजतात. यांची मुळातच कमी."

"मग दम धरणार कुठून!" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

सासूबाईंनी डोळे वटारले नाहीत. तेवढ्यात चिमुरडी खोकली आणि तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजली.

"चला, हिचीही कफ प्रकृतीच," मी म्हटलं. "मोठी झाली की जाईल." घाबरले की मी अशीच टोचून बोलते.

सासूबाई उठल्या. त्यांनी नातीला हाताला धरून डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं.

"दमा होता त्याला. लोक काय म्हणतील म्हणून मी नाव काढू दिलं नाही, की औषध दिलं नाही. हिला तपासा बाई." आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, "मी दमले आता."